मिरजेच्या रुमालांतली पत्रे



इस्लामपुराहून आष्ट्यावरून सांगली गाठली आणि सांगली ओलांडली, की मिरज येते. मिरज म्हटले की कुणाला तिथली सतारीची दुकाने आठवतील, कुणाला दर्गा, कुणाला दवाखाने. आज मी तुम्हांला मिरजेची एक वेगळीच ठेव सांगणार आहे. ही ठेव सोन्यारुप्याची नाही, कागदाची आहे. अडीचशे वर्षांपूर्वी माणसांनी माणसांना लिहिलेली पत्रे, आणि ती वाळवीच्या तोंडातून काढून छापणारा एक कवी, असा हा विषय.

आधी थोडे दूरचे सांगतो, म्हणजे जवळचे नीट दिसेल. विलायतेत अठराव्या शतकात विल्यम कूपर नावाचा एक कवी होऊन गेला. जन्म १७३१, मृत्यू १८००. आपले मोरोपंत १७२९ चे आणि वारले १७९४ साली, म्हणजे दोघे एकाच काळातले. पंत बारामतीत नाइकांच्या आश्रयाला राहून आर्या रचीत होते, तेव्हा कूपर ओल्नी नावाच्या एका लहानशा गावात राहत होता. त्या गावातल्या बायका लेस विणून पोट भरीत. हा मनुष्य फार हळवा. वेडाचे झटके आलेला, जगाला भ्यालेला. पण मित्रांना पत्रे लिहायला बसला की गडी खुलायचा. पाळलेल्या सशांच्या खोड्या, बागेतल्या काकड्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टी, असले सगळे त्या पत्रांत आहे. १७८४ साली निवडणुकीतला एक उमेदवार मते मागायला त्याच्या घरी आला. तो लवाजम्यासह स्वयंपाकघराच्या वाटेने आत कसा घुसला, सगळ्यांचे हात हातात घेत आणि बायकांचे मुके घेत कसा फिरला, आणि ज्याच्यासाठी ही धडपड केली त्या कूपरजवळ एकही मत कसे नव्हते, हे त्याने न्यूटन नावाच्या आपल्या पाद्री मित्राला असे रंगवून कळवले, की आजही वाचताना हसू येते. निवडणुकीचा हंगाम पाहिलेल्या आपल्या गावकऱ्यांना तर ते फारच ओळखीचे वाटेल!

मित्रांनी ती पत्रे जपली. कवी मेल्यावर तीन वर्षांनी, १८०३ साली, हेली नावाच्या त्याच्या स्नेह्याने चरित्र लिहून त्यात ती छापली. इंग्रजी शिकलेले लोक ती पत्रे अजून आवडीने वाचतात. आणखी एक मौज सांगतो. वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्या अमदानीत इंग्रजांची मराठ्यांशी पहिली लढाई झाली आणि १७८२ साली सालबाईचा तह झाला, तो या कूपरचा शाळासोबती. जग तेव्हाही काही फार मोठे नव्हते.

मग आपल्याकडे काय? आपली माणसे पत्रे लिहीत नव्हती काय? लिहीत होती, आणि पुष्कळ लिहीत होती. पण ती राहिली वेगळ्या कारणाने. कूपरची पत्रे राहिली ती कवीची म्हणून. आपली राहिली ती दफ्तरात पडली म्हणून. हिशेबाचे, सनदांचे, वादविवादाचे कागद ज्या कापडात बांधले, त्याच कापडात घरची पत्रेही बांधली गेली. त्या कापडाला म्हणायचे रुमाल. रुमालावर रुमाल चढले, त्याचे झाले दफ्तर. मुद्दाम जपावे अशी इच्छा असो वा नसो, उद्या वतनाचा तंटा निघाला तर पुरावा लागेल, म्हणून कुणी कागद फेकीत नसे. आपल्या इतिहासाची निम्मी साधने तंट्याच्या भीतीने जगली आहेत, असे मला नेहमी वाटते.

मिरजेचे पटवर्धन हे असे दफ्तर बाळगणारे घर. मूळ पुरुष हरभट, कोकणातले कोतवड्याचे, इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांच्या मुलांनी पळी-पंचपात्री ठेवून तलवार घेतली. गोविंद हरी, त्यांचे चिरंजीव गोपाळराव, पुतणे परशुरामभाऊ, ही नावे तुम्ही शाळेत ऐकली असतील. १७६१ साली मिरज गोविंदरावांकडे आली आणि १७६४ साली थोरल्या माधवरावांनी या घराला मोठा सरंजाम दिला. काम एकच, दक्षिणेची दारे राखायची. तिकडे हैदर होता, पुढे टिपू आला. म्हणजे घरातले कर्ते पुरुष वर्षाचे आठ महिने छावणीत, बायकामुले मिरजेत, आणि वकील-कारकून पुण्याच्या दरबारात. अशा घरात पत्रांवाचून दिवस जायचा कसा? छावणीतून घरी, घरून छावणीत, पुण्याहून दोन्हीकडे, असे कागद सारखे धावत असत. ते नेणारे जासूद पायी चालत. वाटेत कृष्णा, वारणा, नीरा. पावसाळ्यात नदी भरली की जासूद काठावर बसे आणि पत्र त्याच्या कमरेला.

आता ते पत्र कसे दिसे ते सांगतो. शिक्षकबंधूंनी हे मुलांना फळ्यावर काढून दाखवावे. कागद लांब पट्टीसारखा, गुंडाळी करून ठेवलेला. बोरूने, काजळाच्या शाईने लिहिलेला. ही शाई फार टिकाऊ. कागद पिवळा पडतो, पण अक्षर काळेभोर राहते. वर मध्यभागी ‘श्री’. मग ज्याला लिहायचे त्याचे नाव मानाने, त्याच्या योग्यतेप्रमाणे. त्याखाली नमस्कार की आशीर्वाद ते नात्याप्रमाणे. मग ‘विनंति उपरि येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे’ असा ठरीव मजकूर. हे सगळे झाल्यावर खरी गोष्ट सुरू. आणि शेवटी तारीख घालून ‘बहुत काय लिहिणे, हे विनंति’. आमच्या खेड्यांतून पोस्टकार्डावर ‘पत्रास कारण की’ लिहीत, ते याच वंशातले.

लिपी मोडी. मोडीत बोरू शक्यतो उचलायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही, आणि दोन शब्दांत जागा सोडायची नाही. आता ‘दोनशेतेगेली’ असे सलग लिहिले, तर दोन शेते गेली की दोनशे गेली? हे उदाहरण मी रचलेले आहे, पण वाचणाऱ्याची अडचण ही अशी असते. अक्षर लागले म्हणजे अर्थ लागला असे नाही.

पण सर्वांत मोठे कोडे असते ते तारखेचे. इथे जरा थांबू या, कारण या विषयातली खरी गंमत इथेच आहे.

त्या काळी पत्रात तारीख घालीत ती मुसलमानी महिन्याची. ‘छ २९ रजब’ म्हणजे रजब महिन्याचा एकोणतिसावा चंद्र. ‘छ’ हे चंद्राचे संक्षिप्त रूप. तीर्थयात्रा करणारा, शेंडी राखणारा ब्राह्मण कारकूनही बिनतक्रार रजब, शाबान, जिल्हेज लिहीत असे. कारभाराची ती रीतच होती. पण बहुतेक घरगुती पत्रांत वर्षच लिहीत नसत. बरोबरच आहे, लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच असायचे! आपण तरी घरच्या चिठ्ठीवर कुठे साल घालतो? पंचाईत होते ती शे-दोनशे वर्षांनी रुमाल सोडणाऱ्याची.

मुसलमानी वर्ष चांद्र, आणि त्यात आपल्यासारखा अधिक महिना नाही. त्यामुळे ते दरसाल सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते. मोहरम कधी पावसाळ्यात येतो, कधी उन्हाळ्यात, हे तुम्ही पाहताच. आता हिशेब करा. १७६३ साली रजब महिना जानेवारीच्या मध्याला लागला. १७७६ साली तोच रजब ऑगस्टच्या मध्याला लागला. तेव्हा ‘छ २९ रजब’ एवढेच लिहिलेल्या पत्रात जर थंडी, शाळू, हुरडा असे काही आले, तर ते १७७६ चे नव्हे. चिखल, पूर, उतार नाही असे आले, तर ते १७६३ चे नव्हे. म्हणजे इतिहास ठरवायला शेतातल्या पिकाची साक्ष! शेतकरी श्रोत्यांना हे शहरी पंडितांपेक्षा लवकर समजेल.

पण एवढ्याने सुटका नाही. सुमारे तेहेतीस वर्षांनी हे चक्र पुरे होते आणि महिना पुन्हा त्याच ऋतूत येतो. १७९६ साली रजब पुन्हा जानेवारीतच लागला. तेव्हा थंडीतले रजबचे पत्र १७६३ चे की १७९६ चे? १७६३ म्हणजे राघोबादादा आणि माधवराव या चुलत्या-पुतण्यांच्या झगड्याचा काळ. १७९६ म्हणजे सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर गादीवर कुणी बसावे याचा घोळ. पत्रात नुसते ‘श्रीमंत’ लिहिले असेल, तर कोणते श्रीमंत? ‘दादासाहेब’, ‘नाना’, ‘बापू’, ‘भाऊ’ ही नावे तर प्रत्येक वाड्यात दोन-दोन. साल चुकले की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी जाते, आणि नसता कलंक एखाद्याला कायमचा चिकटतो.

ज्या कागदांवर वर्ष असते, त्यांवरही ते आकड्यांत असेलच असे नाही. अरबी शब्दांत असते. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार. झाले ११६३. याला शुहूर सन किंवा अरबी सन म्हणत. हा सन कधी बदलतो ठाऊक आहे? मृगाला! म्हणूनच त्याला मृगसाल असेही नाव होते. पेरणीबरोबर नवे साल. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, की इंग्रजी साल आले. १७६३ च्या फेब्रुवारीतला कागद ११६३ चा आणि त्याच १७६३ च्या ऑगस्टातला ११६४ चा. शिक्षकांनी हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे. सहावी-सातवीच्या पोरांना जमते.

एक खूण मात्र वाचणाऱ्याच्या मदतीला येते. पत्र पोचले की घेणाऱ्याचा कारकून कागदावर ‘पैवस्ती’ टिपून ठेवी, म्हणजे अमुक चंद्रास मिळाले. लिहिल्याची तारीख आणि मिळाल्याची तारीख यांतले अंतर पाहिले, म्हणजे पत्र किती दूरून आले, वाट मोकळी होती की अडलेली, याचा अंदाज बांधता येतो.

नावांचा गोंधळ निराळाच. गावांची नावे राजवटीबरोबर बदलत. साताऱ्याला औरंगजेबाने आझमतारा केले. भीमाकाठच्या ब्रह्मपुरीला त्याची छावणी १६९५ ते १६९९ पडली होती, तेव्हा तिला इस्लामपुरी म्हणत. आता एखाद्या जुन्या कागदात ‘इस्लामपुरी’ दिसली आणि आपल्या वाळवे तालुक्यातला कुणी अभिमानी मनुष्य ‘बादशहा आमच्या गावी चार वर्षे राहिला’ म्हणून नाचू लागला, तर? खुद्द आपल्या इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय शासनाने २०२५ साली जाहीर केला. दोनशे वर्षांनी आपली पत्रे वाचणाऱ्यालाही हेच कोडे पडणार आहे.

ही सगळी कोडी डोक्यात घेऊन मिरजेच्या दफ्तरांपुढे बसला तो मनुष्य म्हणजे वासुदेव वामन खरे. लोक त्यांना वासुदेवशास्त्री म्हणत. जन्म १८५८, गुहागरचा. साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकरांपाशी संस्कृताचे अध्ययन केले. पुण्यास टिळक-चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कुलात संस्कृत शिकवले, आणि मग मिरजेच्या हायस्कुलात शिक्षक होऊन आले ते मिरजेचेच झाले. मूळचा पिंड कवीचा. ‘यशवंतराव’ नावाचे महाकाव्य त्यांनी लिहिले. ‘गुणोत्कर्ष’ वगैरे नाटके लिहिली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना कवी आणि नाटककार म्हणूनही जागा आहे. पण आज त्यांचे महाकाव्य वाचणारे किती? आणि त्यांनी छापलेल्या पत्रांवाचून मात्र उत्तर मराठेशाहीचा एकही इतिहासकार पाऊल टाकू शकत नाही. माणसाला नाव कशाने मिळेल, हे त्याचे त्याला ठरवता येत नाही.

१८९२ साली त्यांचे नाना फडनविसांचे चरित्र निघाले. जुन्या कागदांचा नाद लागला तो लागलाच. पटवर्धनांच्या घराण्यातली दफ्तरे त्यांना पाहायला मिळाली, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने त्यांनी ती पत्रे छापायला सुरुवात केली. साल ध्यानात घ्या. प्लेगाचे साल. पुण्यात रँडचा खून झाला तो त्याच साली, टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली ती त्याच साली. अशा वेळी मिरजेत एक शाळामास्तर दिवसा मुलांना रूपे चालवायला शिकवतो आणि उरलेल्या वेळात दीडशे वर्षांपूर्वीच्या सरदारांच्या चिठ्ठ्या लावीत बसतो, हे वेड्याचे काम वाटले असेल. पण राज्य गेलेल्या लोकांना आपले राज्य होते कसे, चालले कसे आणि गेले कसे, हे परक्याने लिहिलेल्या पुस्तकातून शिकायचे नव्हते. त्यासाठी आपल्या माणसांचे शब्द हवे होते. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. दोघांची तऱ्हा वेगळी. राजवाडे वादळासारखे, गावोगाव हिंडणारे; खरेशास्त्री एका जागी बसून एकच दफ्तर तळापर्यंत उपसणारे. हिंडणाऱ्याचे कौतुक जास्त होते. पण बसून उपसणाऱ्याचे काम कमी मोलाचे नव्हे, असे माझे मत आहे.

त्यांनी नुसती पत्रे छापली नाहीत. पत्रे निवडली, काळाच्या क्रमाने लावली, आणि त्यांच्या मधून आपल्या शब्दांत हकीकत सांगत गेले. इथे त्यांच्यातला कवी उपयोगी पडला. सुट्या मण्यांत दोरा ओवावा तशी पत्रे वाचली जातात. पुढे इतिहासकारांनी या पुस्तकांचा भरपूर उपयोग केला. सरदेसायांच्या ‘रियासती’त त्यांचा पदोपदी आधार आहे आणि यदुनाथ सरकारांसारख्या बंगाली पंडितानेही खऱ्यांची थोरवी गायिली आहे.

त्या पत्रांनी काय साधले, याचे एकच उदाहरण देतो. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगावास थोरले माधवराव आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले. सत्ता राघोबादादांच्या हाती गेली. माधवरावांच्या बाजूचे म्हणून पटवर्धन दादांच्या डोळ्यांत सलत होते. दादा फौज घेऊन मिरजेवर आले आणि १७६३ च्या आरंभी त्यांनी मिरज घेतली. मराठ्यांच्या फौजेने मराठ्यांचा किल्ला वेढला! घरदार गेल्यावर गोपाळराव कुठे गेले? निजामाकडे. त्याच साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. मग १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनाची लढाई झाली, निजामाचा मोड झाला, पटवर्धन परत आले आणि मिरज त्यांना परत मिळाली.

आता सांगा, गोपाळराव फितूर की अन्यायाने घराबाहेर काढलेले? नुसती ठळक घटना वाचली तर उत्तर झटकन येते. शत्रूला मिळाला तो फितूर. पण त्या महिन्यांतले कागद एकापुढे एक ठेवले, म्हणजे माणसाची कोंडी दिसू लागते. लोकांचा पगार थकलेला, आश्रितांची कुटुंबे अंगावर, मूळ धनी स्वतःच नजरकैदेत. मी त्यांना निर्दोष म्हणत नाही. पुणे जळाले, त्यात ज्यांची घरे गेली त्यांना गोपाळरावांची कोंडी सांगून काय उपयोग? पण एवढे खरे की त्याच गोपाळरावांवर पुढे माधवरावांनी दक्षिणेत भरवसा टाकला आणि १७७१ साली मरेपर्यंत ते हैदराशी झुंजले. धन्याने ज्याला पदरात घेतले, त्याचा न्याय आपण एका शब्दात करू नये.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ही पत्रे पटवर्धनांची आणि पटवर्धनांच्या चाकरांची. लिहिणारा कारकून ज्याचे मीठ खाई, त्याची बाजू त्याला बरी वाटणार. राघोबादादांच्या दफ्तरात हीच गोष्ट वेगळ्या रंगाने असणार. पाटलाच्या वाड्यातला कागद वाचून कुळाची हकीकत पुरती कळत नाही, तसेच हे. शिवाय त्या छावणीत जे पायदळ चालले, ज्यांच्या शेतांतला कडबा घोड्यांना गेला, ते बहुतेक अक्षरशत्रू. त्यांचे पत्र कोण लिहिणार? त्यांचा उल्लेख येतो तो आकड्यात. इतके स्वार, इतके ठार.

दुसरा प्रसंग १७७७ च्या आरंभीचा, म्हणजे ‘सबा सबैन मया व अलफ’ या सालातला. धारवाडच्या बाजूला सौंशी म्हणून गाव आहे. तिथे हैदराच्या फौजेने पटवर्धनांना गाठले. कोन्हेरराव ठार झाले. पांडुरंगराव जखमी होऊन सापडले. त्यांना श्रीरंगपट्टणास नेले आणि त्याच साली कैदेत त्यांचा अंत झाला. हे इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत येते. पण मिरजेच्या वाड्यात काय झाले असेल ते बघा. लढाई झाल्याचे प्रथम उडत उडत कळते. मग कोण मेले, कोण सापडले याची खबर येते. एक पत्र एक सांगते, मागून आलेले दुसरेच सांगते. खंडणी भरून सुटका होईल काय, याचा घोर. जासूद दारात दिसला की सगळ्यांचे डोळे त्याच्या कमरेकडे. लढाईतल्या माणसाचे तार किंवा पत्र ज्या घरांत आले आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. सातारा-सांगलीत अशी घरे गावोगाव आहेत.

या पांडुरंगरावांचा मुलगा तेव्हा अगदी लहान होता. तोच पुढे चिंतामणराव आप्पासाहेब. वयात आल्यावर मिरजेस चुलत्याशी, गंगाधररावांशी, वाटणीवरून पटेना. १८०१ साली तो घरचे दैवत गणपती घेऊन निघाला आणि सांगलीस जाऊन राहिला. कृष्णाकाठचे ते लहान गाव मग राजधानी झाले. तुम्ही सांगलीच्या गणपतीला जाता, तेव्हा तुमच्या डोक्यात हा भाऊबंदकीचा इतिहास नसतो; असायचे कारणही नाही. पण घर फुटले की दफ्तरही फुटते. पुढे १८११ साली जमखंडी निराळी झाली. १८२० मध्ये मिरजेचेच थोरली पाती, धाकटी पाती असे दोन भाग झाले. तासगावचे संस्थान १८४८ साली खालसा झाले. एका लढाईचे एक पत्र या वाड्यात आणि त्याचे उत्तर दुसऱ्या वाड्यात, अशी गत. ज्याने ही जुळवाजुळव केली, त्याच्या चिकाटीला काय म्हणावे!

खरेशास्त्री ११ जून १९२४ ला वारले. त्यांच्या हयातीत लेखसंग्रहाचे बारा भाग निघाले. पुढचे काम त्यांच्या चिरंजीवांनी, यशवंतरावांनी, हाती घेतले. यशवंतराव हेच नाव शास्त्रीबोवांनी आपल्या महाकाव्यालाही दिले होते.

कूपरची पत्रे वाचताना एक माणूस आपल्याशी बोलतो. मिरजेची पत्रे वाचताना वाड्यातल्या सगळ्यांचा एकदम गलका ऐकू येतो. कुणाला ताप आलेला, कुणाची मुंज ठरलेली, सावकार तगादा लावतो आहे, घोडा मेला, चंदी मिळत नाही, आणि त्याच श्वासात, हैदर तुंगभद्रा उतरला. सुरुवातीला कंटाळा येतो, हे मी लपवीत नाही. ठरीव नमस्कार आणि आशीर्वाद पुन्हा पुन्हा येतात. पण पन्नास पत्रे वाचून झाली की कोण खरे लिहितो, कोण धन्याला बरे वाटेल तेवढेच लिहितो, हे हस्ताक्षर ओळखावे तसे ओळखू येते. शिक्षकबंधूंनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चा एखादा भाग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वाचनालयातून मिळवावा, आणि वर्गात एकच पत्र वाचून मुलांना विचारावे, हे कोणत्या ऋतूत लिहिले असेल?

आणि तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, देवघराच्या वरच्या फळीवर, जुन्या कुळकर्ण्याच्या किंवा देशमुखाच्या पेटीत असा रुमाल असेल, तर त्याला पाणी लावू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात पसरू नका. गुंडाळी जोराने उलगडू नका. कडा मोडतात, आणि पुष्कळदा तारीख त्या कडेलाच असते. कापडाची गाठ ज्या क्रमाने सुटली, त्या क्रमाने कागदांवर शिसपेनीने हलकेच आकडे टाका, कारण कोणता कागद कुणाच्या शेजारी होता, हाही पुरावाच असतो. मोडी वाचणारी माणसे कमी झाली असली, तरी आहेत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, जे १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढले, असे कागद पाहणारे भेटतात. तिथे पहिला प्रश्न ते हाच विचारतील, की कुठे ‘पैवस्ती’ दिसते का?